घर पुसलेलं का दिसतं

लाइपझिग,
१४ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार. आजीलाही सांगा.

मी मजेत आहे. तब्येत उत्तम, जेवण वेळेवर, स्वेटर घालते. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. आई, तू फोन उचलतेस तीच स्पीकर लावून. मग मागून दादा, वहिनी, एकदा तर पेपरचे पैसे घ्यायला आलेला मुलगाही माझी खुशाली ऐकून गेला. काही गोष्टी स्पीकरवर बोलवत नाहीत, म्हणून हा कागद.

आधी तुझी घराबद्दलची शंका. तू गूगल मॅपवर माझा पत्ता शोधलास. अख्खी गल्ली स्वच्छ दिसली, कोपऱ्यावरची बेकरी, औषधाचं दुकान, कठड्याला बांधलेल्या सायकलीसुद्धा. फक्त आमची इमारत कुणी ओलं फडकं फिरवल्यासारखी पुसट. त्या रात्री तू आवाज खाली आणून विचारलंस, "तिथे काही झालंय का गं? पोलिसांची वगैरे भानगड?" मी हसण्यावारी नेलं. तुझी झोप गेली असणार, म्हणून आता नीट सांगते.

गूगलच्या गाड्या डोक्यावर कॅमेरा लावून रस्तोरस्ती फिरतात आणि फोटो काढतात. जर्मनीत २०१० मध्ये अशी २० शहरं नकाशावर चढवली, त्यात लाइपझिगही होतं. त्याच्या आधीपासूनच इथे गहजब झाला होता. आमचं घर जगाला दाखवायचा तुम्हाला काय अधिकार, असं लोक म्हणू लागले. शेवटी ठरलं की ज्यांना नको त्यांनी अर्ज करावा, त्यांचं घर पुसट करू. जवळपास २ लाख ४४ हजार कुटुंबांनी अर्ज केले! आणि गंमत अशी, की इमारतीतल्या एकाच भाडेकरूने मागणी केली तरी सगळी इमारत धूसर होते. बाकीच्यांना कुणी विचारत नाही. याच्या उलट टोकाचेही लोक होते. एसेन नावाच्या शहरात कुणीतरी अशा पुसट घरांवर अंडी फेकली, आमच्या गल्लीचं चित्र खराब करता म्हणून. पुढे कंपनीनेही नाद सोडला आणि तेच जुने फोटो वर्षानुवर्षं पडून राहिले. २०२३ मध्ये नवे आले, तेव्हा जुने अर्ज बाद झाले. ज्यांना घर झाकायचं होतं त्यांना पुन्हा अर्ज करावा लागला.

आमच्या इमारतीचा अर्ज वरच्या मजल्यावरच्या आजींनी दोन्ही वेळा केला, दुसऱ्यांदा भाच्याला कामाला लावून. मी त्यांना म्हटलं, रस्त्यावर उभं राहिलं की घर कुणालाही दिसतंच की. त्या म्हणाल्या, "रस्त्यावर उभा राहून बघणारा मलाही दिसतो." यावर मला उत्तर सुचलं नाही.

पण हीच माणसं खालच्या दारावर घंटीशेजारी आपापलं आडनाव ठळक लावतात. फ्लॅटला नंबर नसतोच. पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. तेव्हा आई, "पत्त्यात फ्लॅट नंबर लिहायला विसरतेस" हा माझ्यावरचा जुना आरोप आता मागे घे. घर झाकायचं आणि नाव टांगायचं, हे मला पहिलं वर्षभर कळलं नव्हतं. अजूनही पुरतं कळलंय असं नाही.

या आजी ८१ वर्षांच्या आहेत. हा भाग पूर्वी पूर्व जर्मनीत होता. तिथल्या गुप्त पोलिसांना श्टाझी म्हणत. शेजारी शेजाऱ्यावर नजर ठेवायचा आणि लिहून द्यायचा. ४ डिसेंबर १९८९ ला इथल्या लोकांनी त्यांच्या कचेरीचा ताबा घेतला. आता तिथे संग्रहालय आहे. मी जाऊन आले. आजी मात्र येत नाहीत म्हणाल्या. वाफेने पाकिटं उघडून परत चिकटवायची यंत्रं होती तिथे, आणि काचेच्या बरण्या. बरण्यांत माणसांचा वास टिपलेली फडकी, म्हणजे उद्या शोधायची वेळ आली तर कुत्र्याला हुंगवता येईल. देशभरच्या फायली एकीला एक लावून ठेवल्या तर १११ किलोमीटर भरतात. पुण्याहून साताऱ्याला पोचाल जवळजवळ. १९९२ पासून लोकांना आपापली फाइल वाचता येते. आजींनी त्यांची वाचली आहे. पाहुणे कधी आले, दिवा किती वाजता मालवला, सगळं त्यात होतं. ते कोणी लिहून दिलं हेही त्यांना कळलं. मला त्यांनी सांगितलं नाही.

त्या वाफेच्या यंत्रापुढे उभी असताना मला दहावीच्या सुट्टीतली माझी वही आठवली, आई. असो.

आता फोटोचं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलाच्या वाढदिवसाचा फोटो तू स्टेटसला ठेवलास आणि मी फोनवर तोडून बोलले. चूक माझी होती, मुळात मीच न विचारता तो तुला पाठवला. इथे माणसाच्या चेहऱ्याचा फोटो त्याला न विचारता लोकांपुढे मांडता येत नाही. हा कायदा १९०७ चा आहे, मोबाइलच्या कितीतरी आधीचा. जर्मनीचे पहिले चॅन्सेलर बिस्मार्क १८९८ मध्ये वारले तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री खिडकीतून आत शिरून मृतदेहाचा फोटो काढून गेले. घरच्यांनी कोर्टात धाव घेतली, त्या प्रकरणातून पुढे हा कायदा झाला. बाबांना ही गोष्ट आवडेल. मैत्रीण रागावली नाही, पण बाळाच्या आजीला तो दिसला असता तर फार वाईट वाटलं असतं, एवढंच म्हणाली. तू लगेच काढलास, त्याचे आभार मानायचे राहिले होते.

दादाला सांगा, चिऊसाठी मागवलेलं घड्याळ मी आणणार नाही. आईबापाला घरबसल्या पोराच्या आजूबाजूचं ऐकू येतं, तसलं ते घड्याळ इथे २०१७ पासून विकायला बंदी आहे. सरकारी खात्याने पालकांना आपणहून ते मोडून टाकायला सांगितलं होतं. काही पालक त्यातून वर्गात बाई काय शिकवतात ते ऐकत होते म्हणे! दादा म्हणेल, मग बरंच आहे की. चिऊला मी रंगपेटी आणते.

आता त्या फोनबद्दल. हे लिहायला मी तीन दिवस टाळलं.

बाबा घरी नव्हते. व्हिडिओवर खाकी कपड्यातला माणूस म्हणाला, तुमच्या मुलीच्या नावाच्या पार्सलमध्ये नशेचा माल सापडला, तिला पकडलंय, फोन ठेवायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. आई, तू चाळीस मिनिटं दार लावून बसलीस. बाबांच्या जुन्या फोनवरून मला अकरा वेळा लावलंस. माझा फोन मीटिंगमध्ये बंद आवाजाचा, बॅगेत. बाबा आले, त्यांनी फोन कापला, पैसे गेले नाहीत. तू अजूनही "काही नाही गं, मला संशय आलाच होता" म्हणतेस.

पुन्हा एकदा लिहून ठेवते, हा कागद फोनजवळ चिकटवा. कुठलेही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. डिजिटल अरेस्ट नावाचं काही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवर हेच सांगितलं होतं. असा फोन आला की कापायचा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवायचं. आणि कुणी माझ्या नावाने पैसे मागितले, अगदी माझ्या आवाजात मागितले (आता तसा आवाजही बनवता येतो), तर आजीच्या माहेरच्या गाईचं नाव विचारायचं. ते नाव मी इथे लिहीत नाही.

बाबा, त्या माणसाला माझं पूर्ण नाव, जन्मतारीख, मी जर्मनीत असते हे सगळं ठाऊक होतं. मी आरोप करत नाही. पण माझा बायोडेटा तुम्ही तीन वधू-वर ग्रुपवर टाकलात, त्यात जन्मवेळ, उंची, पगार, दोन्ही फोन नंबर आणि घरचा पत्ता होता. तो पुढे कुठे गेला, हे आता तुम्हालाही सांगता येणार नाही. माहिती तिथूनच गेली असं मला सिद्ध करता येणार नाही. तरी कृपा करून काढून टाका.

हे मी ऐटीत लिहिलं खरं, पण दुसरी बाजूही लिहायला हवी. मी कुठे आहे ते दाखवणारा नकाशावरचा माझा ठिपका तुझ्या फोनवर असता, तर मी ऑफिसातच आहे हे तुला त्या चाळीस मिनिटांत एका क्षणात दिसलं असतं. दादाने मला हे दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ऐकवायची गरज नाही, मी रोज स्वतःलाच ऐकवते. पण तो ठिपका होता तेव्हा काय व्हायचं तेही आठव. "एवढा वेळ तळ्याकाठी काय करत होतीस?" आत्या तर माझं शेवटचं ऑनलाइन बघून सगळ्यांना सांगत सुटली होती की मुलगी रात्री दोनपर्यंत जागी असते. अगं, तुमच्याकडे दोन म्हणजे उन्हाळ्यात इकडे साडेदहा! म्हणून ते लपवलं. ठिपका ऑगस्टमध्ये बंद केला, त्याचं कारण शेवटी लिहिते.

आणि हे सगळं लिहिणारी मी काय करते, तर रात्री एक वाजता अंथरुणात पडून हॉलमधला कॅमेरा उघडते. तुमच्याकडे साडेपाच वाजलेले असतात. मार्चमध्ये आजी पडली तेव्हा कॅमेरा लावायचा हट्ट माझाच, पैसेही मीच पाठवले. कारण आजीचं होतं. पण आजी उठते सातला. मला तुझं भांड्यांचा आवाज न करता फिरणं दिसतं, चहाचा कप घेऊन कोचाच्या त्याच कोपऱ्यात बसणं. आणि गुडघ्याला तेल चोळणं. सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी. फोनवर मी विचारते तेव्हा तू म्हणतेस, "गुडघा एकदम मस्त." मला दिसतं, हे मला बोलता येत नाही. बोलले तर तू तिथे बसायची बंद होशील.

दादा म्हणत होता, कॅमेरा मधूनमधून काळा पडतो, दुरुस्तीवाल्याला बोलवू. बोलवू नका. आजी केस विंचरायला बसते तेव्हा त्यावर रुमाल टाकते. मी एकदा तिचा हात येताना पाहिला. तो रुमाल कुणी काढू नका, आणि तिला काही विचारूही नका.

बाबा, कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला. विकत घेतला तेव्हाचाच आहे आणि तुम्ही तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय, हेही मला कॅमेऱ्यातूनच कळलं. नवा पासवर्ड दादाला द्या. मला देऊ नका. मी मागितला तरी.

पैशांचं: या महिन्यात ४०० युरो पाठवले आहेत. त्यातून आधी कर्जाचा हप्ता, उरलेले आईच्या गुडघ्याच्या डॉक्टरसाठी. ते माझ्या लग्नाच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचे नाहीत, बाबा, मागच्या वेळी टाकलेत. कर्जाचे आता १४ हप्ते उरले. इथे पगार वाढलाय, घरभाडंही वाढलंय, ते लगेच मनात वजा करू नका. मे महिन्यात येते, तिकीट अजून काढलेलं नाही, पण येते.

लग्नाचं: ऑगस्टमध्ये तो ठिपका रात्री साडेअकरापर्यंत ज्या घरी दिसत होता, तिथे मी जेवायला गेले होते. एकटीच गेले होते. तो नागपूरचा आहे, इथे चार वर्षं नोकरी करतो, घरचे चांगले आहेत असं ऐकून आहे. तुमच्या कुठल्याही ग्रुपमध्ये त्याचा बायोडेटा नाही. नाव आत्ता लिहीत नाही, कारण हे पत्र संपायच्या आत आई त्याला फेसबुकवर शोधेल, आत्याला दाखवेल आणि आत्या त्याच्या मावशीला विनंती पाठवेल. मे महिन्यात समोर बसून सांगेन, फोटोही दाखवेन. त्याला विचारून. तोवर पुण्याच्या त्या मुलाकडच्यांना नम्रपणे नाही कळवा. बाबा, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, हे मला कळतं. रागावलात तर रागवा, पण फोन बंद करू नका.

आजीला नमस्कार, चिऊला पापा.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, या पत्राचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

आई, रविवारी फोन करते तेव्हा गुडघ्याचं खरं काय ते सांग. स्पीकर बंद करून.