तलावपाळीवरचे वकील

प्रिय बंड्या,

पत्राला उत्तर नाही म्हणून रुसला असशील. रूस. माझी साखर आटोक्यात, हिची पाठ तशीच. झालं आरोग्य.

धाकटीला विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे गरीब आरोपींना सरकारी खर्चाने वकील देतात तिथून, एक केस आलीय. स्टेशनबाहेरून तीन वर्षांचं पोर उचलल्याचा आरोप असलेली बाई. पोर सुखरूप मिळालं, बाई आत आहे आणि तिची बाजू आपल्या धाकटीने मांडायची. 'आपल्या' म्हणतोय, कारण वकिलीचं खूळ तिच्या डोक्यात तूच घातलंस.

इथे ठाण्यात तलावपाळीवर सकाळी फिरणारे सगळे फौजदारी वकील झालेत. एक म्हणतो, बाईला वेडी ठरवणार. दुसरा म्हणतो, पोर रडत होतं, मी चौकीत नेत होते, असं सांगायला लावणार. नाना तर म्हणाला, "आईनेच विकलं असं काढतील बघ." शेवट मात्र सगळ्यांचा एकच, फाशी. मी म्हटलं, नुसतं पळवून नेण्याला न्याय संहितेच्या कलम १३७ खाली जास्तीत जास्त ७ वर्षं. फाशीपर्यंत जायला खंडणीबिंडणी लागते. लगेच पोरं पळवणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींचा विषय निघाला. अरे, तिथे मुलांचे खून होते! आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेली ती फाशीसुद्धा दयेच्या अर्जाला उशीर झाला म्हणून २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली. एवढं ऐकून नानाने विचारलं, "पोरीने किती घेतले?" मानधनाचा आकडा सांगितला असता तर त्यानेच वर्गणी काढली असती.

धाकटी घरी अवाक्षर काढत नाही. काढूही नये. परवा जेवताना एकदाच बोलली, तेही लांबच्या कुठल्या खटल्याबद्दल बोलावं तसं. "बाबा, आरोपीला तोंड झाकून का आणतात माहितीय? ओळखपरेडसाठी. साक्षीदाराने फोटो आधीच पाहिला असेल तर त्या परेडला काय किंमत?" माझा घास तोंडातच राहिला. त्या बाईचा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'फाशी द्या' लिहून नानानेच टाकलाय. स्टेशनवरच्या रिक्षावाल्यांच्या मोबाईलवरही तोच फिरतोय. म्हणजे बचावाच्या हातात सगळ्यात मोठा मुद्दा कुणी दिला, तर फाशी मागणाऱ्यांनी! हे नानाला सांगायची इतकी उबळ येते, पण सांगितलं की धाकटीचं नाव त्यात येणार.

तू आता म्हणशील, वकील मिळणं हा हक्क आहे, घटनेचं कलम २२. पाठ आहे मला. २००९ साली कसाबच्या वकिलावरून तू चहा अर्धा टाकून गेला होतास. तेव्हा मी जे बोललो त्यातलं निम्मं आजही बोलेन. फक्त त्या वेळी एका वकीलबाईंच्या घरावर दगड पडले होते, ते हल्ली फार आठवतं. बेल वाजली की आधी भिंगातून बघतो. हिला म्हणतो, सेल्समन असतात.

तुला लिहितोय ते धुळे जिल्ह्यातल्या साक्रीमुळे. १ जुलै २०१८, तिथल्या राईनपाड्याचा बाजार. 'पोरं पळवणारे' म्हणून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, त्या रात्री तू फोनवर एवढंच म्हणालास, "त्यांना कुणी काही विचारलंच नाही रे." ते मी इथे सांगितलं, तर उत्तर आलं, इथे बाई पोरासकट सापडलीय. तेही खरंच ना.

आणि खरी गोष्ट नानाची नाहीच. धाकटी जिंकली तर? पोराची आई जांभळी नाक्यावर फुलं विकते. हिचा गजरा वर्षानुवर्षं तिच्याकडचा. हल्ली ही गजरा घेत नाही, केस विरळ झालेत म्हणते. धाकटीला विचारावंसं वाटतं, त्या बाईने नेलं का गं खरंच? विचारत नाही. ती सांगणार नाही म्हणून नव्हे. तिचा चेहरा बघून मला कळेल म्हणून.

सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? मुलगा की मुलगी, तेही तू कळवलं नाहीस, तेव्हा फिटंफाट. बांधाचा वाद भावाशी बसून मिटव, धाकटीकडे पाठवू नकोस.

पुढची तारीख येत्या सोमवारी आहे. मला कोर्टात मागे बसायचंय, पण त्या आईच्या शेजारी एकटं बसायचा धीर होत नाही. रविवारी रात्रीची एसटी धर. मामलेदारची मिसळ माझ्याकडून, तिखट तू ठरव.

तुझा,
बाळ्या