हार्ड डिस्कच्या खोक्यावर लेखनपद्धतीही छापावी

महोदय,

हार्ड डिस्कची निवड सुचवणाऱ्या लेखांतून साठवणक्षमता, वेग आणि हमीचा कालावधी यांची चर्चा भरपूर होते. परंतु घरच्या संगणकावर लिनक्स किंवा फ्रीबीएसडीसारखी युनिक्स कुळातील प्रणाली चालवणाऱ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न, म्हणजे ती डिस्क माहिती लिहिते कशी, हा सहसा बाजूलाच राहतो.

प्रणाली ज्या डिस्कवर बसवायची ती एसएसडीच (तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) असावी, यावर आता फारसे दुमत नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवा तो भाग हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी चार मिलिसेकंद लागतात आणि हेड सरकण्याचा वेळ त्याहून वेगळा असतो, त्यामुळे हजारो लहान फायलींच्या या प्रणालीला ती मंदच वाटणार. एसएसडी साटा या जुन्या जोडणीची घ्यावी की एनव्हीएमई या अधिक वेगवान जोडणीची, हा वाद घरगुती वापरात मला गौण वाटतो.

खरी फसगत होते ती मोठ्या साठ्यासाठी तबकडीची डिस्क घेताना. पारंपरिक म्हणजे सीएमआर पद्धतीत प्रत्येक ट्रॅक (तबकडीवरील माहितीची वर्तुळाकार पट्टी) स्वतंत्र असतो, तर एसएमआर पद्धतीत कमी जागेत अधिक माहिती मावावी म्हणून ट्रॅक छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात. साहजिकच मधला एक ट्रॅक बदलायचा तर त्याच्या पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क हे काम राखीव भागाच्या आडून उरकते आणि प्रणालीला त्याचा पत्ता लागू देत नाही. तो भाग भरला की मात्र लिहिण्याचा वेग एकदम कोसळतो. एकदा लिहून ठेवायच्या बॅकअपसाठी अशी डिस्क वाईट नाही, स्वस्तही पडते. पण झेडएफएस (अनेक डिस्क एकत्र सांभाळू शकणारी फाइल-प्रणाली) किंवा रेड (RAID, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक डिस्कचा संच) यांतील एक डिस्क निकामी झाल्यावर तिच्या जागी आलेल्या नव्या डिस्कवर तासन्‌तास अखंड लेखन चालते, आणि नेमक्या त्या वेळी एसएमआर डिस्क इतकी रेंगाळू शकते की प्रणाली तिला सदोष समजून बाहेर काढते.

घरगुती साठवण-सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे २०२० मध्ये उघडकीस आले. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कना ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव दिले. आता उत्पादकांच्या माहितीपत्रकांत ही बाब बहुधा सापडते, पण त्यासाठी मॉडेल क्रमांक अक्षरन्‌अक्षर जुळवून पाहावा लागतो. (तबकडीची डिस्क एसएसडीप्रमाणे ट्रिमची (कोणते भाग आता वापरात नाहीत हे डिस्कला कळवणारी) आज्ञा स्वीकारते असे दिसल्यास ती एसएमआर असल्याचा दाट संशय घ्यावा.)

रेड (RAID) संचासाठी आणखी एक बाब तपासावी लागते. न वाचता आलेल्या भागावर साध्या डिस्क दीर्घकाळ झटत राहतात, तर लिनक्स सामान्यतः ३० सेकंदांनंतर आज्ञा रद्द करून डिस्कशी जोडणी पूर्ववत करू पाहते, आणि त्यात चांगली डिस्कही रेडमधून बाद होऊ शकते. साठवण-सर्व्हरच्या डिस्क बहुधा सात सेकंदांतच चूक कळवून मोकळ्या होतात.

क्षमतेचा आकडा ठळक छापणाऱ्या उत्पादकांनी लेखनपद्धती आणि ही चूक कळवण्याची मुदतही त्याच खोक्यावर छापावी, आणि तोवर आपल्या पत्रातील परीक्षणांनी तरी प्रत्येक डिस्कसोबत या दोन नोंदी द्याव्यात, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक