आकाश बदललेत, उजेडाचे काय?

महोदय,

पावसाळा लागला की वाचकांच्या छायाचित्रांच्या पानावर गडकिल्ल्यांमागे केशरी-जांभळी आकाशे उगवू लागतात. खाली कातळ ओला, माणसांना सावली नाही आणि वर लख्ख मावळती! आकाश मागाहून चिकटवलेले आहे हे ओळखायला भिंग लागत नाही.

आकाश बदलण्यात पाप नाही. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्र एका निगेटिव्हवरून, तर ढग दुसऱ्यावरून छापले. तेव्हा निगेटिव्हसाठी वापरल्या जाणाऱ्या काचेला निळा रंग फार चटकन लागे, त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई. आज फोटोशॉप या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२० पासून 'स्काय रिप्लेसमेंट' (आकाश बदलण्याची सोय) आहे आणि काम एका क्लिकवर आले आहे. तिथेच घोळ होतो.

ढगाळ दिवशीच्या फोटोला ढगाळच आकाश लावावे. राखाडी ढगांना थोडा उठाव असला तरी पुरते. जमिनीवर सावल्या असतील तर त्या ज्या बाजूला पडल्या आहेत, तिच्या विरुद्ध बाजूला नव्या आकाशाचा उजळ भाग आला पाहिजे. येत नसेल तर आकाश 'फ्लिप' करावे, म्हणजे डावे-उजवे उलटावे. क्षितिजाजवळचा धूसरपणा पुसू नये. दूरचे डोंगर फिकट आणि त्यांच्यामागचे आकाश गडद निळे, असे कुठे दिसते?

खरी परीक्षा झाडांच्या फांद्यांची. कडेने पांढरी किनार राहते, कारण तिथल्या पिक्सेलमध्ये जुने आकाश मिसळलेले असते. नव्या आकाशाची कड मागेपुढे करणारे 'शिफ्ट एज' थोडे सरकवून पाहावे. मूळ आकाश पांढरे आणि फांद्या काळ्या असतील तर मास्कच्या (आकाश कुठे दिसावे, कुठे झाकावे हे ठरवणाऱ्या थराच्या) भानगडीत न पडता त्या भागात नवे आकाश खालच्या चित्रात मिसळून गडद करणाऱ्या 'मल्टिप्लाय'मध्ये ठेवावे, फांद्या जशाच्या तशा राहतात. आउटपुट नेहमी 'न्यू लेयर्स'वर, म्हणजे वेगळ्या थरांवर घ्यावे, म्हणजे मास्क पुढे हाताने दुरुस्त करता येतो. तळे असेल तर तेच आकाश उभे उलटून, जरा गडद करून पाण्यावरही घालावे लागते. नेमके हेच विसरले जाते. शिवाय कमी उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० वर काढलेल्या दाणेदार फोटोवर गुळगुळीत आकाश उपरे दिसते, त्यावर थोडा नॉइज, म्हणजे तसाच दाणेदारपणा घालावा.

कोजागिरीला येणारे परातीएवढे चंद्र हा आणखी एक प्रकार. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर विस्तृत दृश्य टिपणाऱ्या २४ मिमी लेन्सने चंद्र सेन्सरवर जेमतेम पाव मिलिमीटरचा उमटतो, म्हणजे चित्राच्या उंचीच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान.

संपादकांना विनंती एवढीच, की हौशी छायाचित्राखाली 'आकाश बदललेले' असे दोन शब्द छापावेत आणि बातमीच्या छायाचित्रात हा प्रकार मुळीच चालवू नये. शंका आली तर कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवावी. मात्र मुंबईच्या अपोलो बंदरावर उभे राहून गेटवेमागे समुद्रात मावळणारा सूर्य कोणी पाठवलाच, तर फाइलचीही गरज नाही. तिथले पाणी पूर्वेला आहे.

— एक वाचक, ठाणे