उजव्या बाजूनं ये

अनगोळ, बेळगाव
14 नोव्हेंबर

प्रिय बाळू,

परवा फोनवर तुझ्या गुडघ्याचं विचारलं तर तू म्हणालास, "गुडघ्याचं काय घेऊन बसलास, वय झालं म्हणायचं आणि गप्प बसायचं." मी तिथंच विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र तुझं ते बोलणं दोन दिवस डोक्यातनं जाईना. गप्प बसायचं काम मी सव्वादोन वर्षं केलंय, आणि तुझ्यापाशीसुद्धा केलंय. तू विचारायचास "कसा आहेस?" आणि मी "मजेत" म्हणून मोकळा व्हायचो. ते खरं नव्हतं रे. फोनवर हे सांगता आलं नसतं, हिच्यादेखत बोलताना माझा आवाज बदलतो आणि ती घाबरते. म्हणून लिहायला बसलोय.

मला नागीण झाली होती, एवढं तुला माहीत आहे. श्रावणातले दिवस होते, पाऊस थांबत नव्हता. पहिले तीन दिवस अंगावर काहीच नव्हतं, फक्त डाव्या बरगड्यांखाली आग. छातीचं दुखणं असेल म्हणून ईसीजी काढला, तो चांगला आला. चौथ्या दिवशी पाण्याचे फोड उठले, छातीपासून पाठीच्या कण्यापर्यंत, पट्टा बांधल्यासारखे. आपल्याकडचे सगळे एकच गोष्ट सांगतात: नागिणीची दोन टोकं मिळाली की माणूस जातो. हिला रात्रभर झोप नाही. मग गेरूचा लेप, कुणी सांगितलं म्हणून उतारा, यात पाच दिवस गेले. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा खरा उपयोग होतो. लवकर गेलो असतो तर मागाहून राहिलेलं दुखणं टळलंच असतं असं ते म्हणाले नाहीत, पण आजाराचा जोर कमी झाला असता हे नक्की. आणि टोकं मिळण्याचं म्हणशील, तर नागीण एकाच नसेच्या वाटेनं जाते, आणि ती नस शरीराच्या एकाच अर्ध्या भागात असते. म्हणून फोड बहुतेक वेळा मध्यरेषेपाशी थांबतात. ही एक गोष्ट वेळेवर कळली असती तर हिच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

आता ऐक, यात तूही आहेस. तिसरीत असताना आपल्याला दोघांना एकाच आठवड्यात कांजिण्या आल्या होत्या, आठवतं? खानापूरच्या तुमच्या घरी माजघरात तुझ्या आईनं दोघांची अंथरुणं शेजारी घातली होती. उशाला कडुलिंबाचा पाला, आणि खाजवू नये म्हणून दोघांची नखं कापून टाकलेली. त्या कांजिण्यांचा विषाणू गेलेला नसतो, बाळू. तो कण्याजवळच्या नसांच्या मुळाशी निजून राहतो, पन्नास वर्षं, साठ वर्षं. वयानं प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या नसेत जागा होतो आणि नागीण होऊन बाहेर येतो. माझ्यात जागा झाला. तुझ्यात तो अजून निजलेला आहे.

तीन आठवड्यांत फोड सुकले, खपल्या पडल्या, लोक म्हणाले बरा झालास. आग मात्र राहिली. फोड गेल्यावरही तीन महिन्यांहून जास्त दुखत राहिलं तर डॉक्टर त्याला नागिणीनंतरचं नसेचं दुखणं म्हणतात. नागीण झालेल्या दहा माणसांत एखाद-दुसऱ्याच्या वाट्याला ते येतं, आणि जितकं वय जास्त तितका धोका जास्त. डॉक्टरांनी समजावलं की जखम भरली, पण नस स्वतः दुखावली गेलीय. मला ते शाळेच्या भाषेत कळलं: शाळा सुटून मुलं घरी गेली, तरी कुणीतरी घंटा वाजवतच राहिलंय.

सगळ्यात वाईट म्हणजे स्पर्श. जोरानं दाबलं तर सोसतं, पण बनियनची कड घासली की जीव जातो. पंख्याचा वारासुद्धा. पहिला हिवाळा मी घरात एक हात शर्टाच्या बाहेर ठेवून काढला. नातू धावत येऊन बिलगायचा, आणि मी त्याला हातानं दूर करायचो. तो पाच वर्षांचा. त्याला वाटलं आजोबा रागावलेत. अजून हे आठवलं की दुखण्यापेक्षा जास्त दुखतं.

दुखणं सांगायचं कसं, हाही एक प्रश्नच होता. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, शून्य ते दहामध्ये किती? मी म्हणालो सात. त्यांनी सात लिहून घेतलं आणि डायक्लोफिनॅक दिलं, नेहमीची दुखण्याची गोळी. पुढं मी तेच औषध दुकानातनं स्वतः आणून दोन महिने खाल्लं. नसेच्या आगीला या गोळ्यांचा फारसा उपयोग नसतो, हे मला ठाऊक नव्हतं. पोटात जळजळ सुरू झाली, रक्तदाब चढला, आणि रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आल्याची खूण. तुला साखर आहे आणि तूही गुडघ्यासाठी दुकानातनं अशाच गोळ्या आणतोस, म्हणून मुद्दाम लिहितोय. तुझ्या मूत्रपिंडांवर आधीच भार आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची गोळी घेऊ नकोस.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून दुखण्याच्या ओपीडीत गेलो. हे डॉक्टर मूळचे भूल देणारे असतात, नसांची माहिती त्यांना नीट असते. तिथली डॉक्टरीण तिशीची, विजापूरकडची, मराठी तिला जेमतेम. रांगेत माझ्यापुढं बैलहोंगलची एक आजी होती. ती कमरेला हात लावून एकच शब्द म्हणत होती, "ब्यानी, ब्यानी." मला आपल्याकडच्या बायकांच्या वेणा आठवल्या. दोन्ही शब्द वेदनेतनंच आलेले. माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, आकडा नको, कसं दुखतं ते सांगा. मी मोडक्या कन्नडात म्हणालो, "उरि." आग. पुढं कन्नड सरलं. मग मी मराठीत सांगत गेलो आणि तिथली सिस्टर कन्नड करून देत गेली: दिवसा आग असते, मधेच चमक मारते, रात्री ठणका लागतो, पहाटे मुंग्या येतात, आणि कापड लागलं की सुई टोचल्यासारखं होतं. डॉक्टरीण प्रत्येक शब्द लिहून घेत होती. म्हणाली, आग, चमक, मुंग्या हे नसेचे शब्द आहेत. नुसता ठणका आणि जखडणं सांगितलं असतं तर सांध्याचा विचार आधी केला असता. बाळू, पस्तीस वर्षं मी मुलांना समानार्थी शब्द शिकवले. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हे मला त्या बाकावर कळलं. तू डॉक्टरांकडे जाशील तेव्हा नुसतं "गुडघा दुखतो" म्हणू नकोस. उठताना कळ येते का, जिना उतरताना जास्त की चढताना, सकाळी किती वेळ आखडलेला असतो, हे सांग.

तिनं गॅबापेंटिन हे नसेच्या दुखण्यावरचं औषध दिलं, रात्री शंभर मिलिग्रॅमपासून, क्रिएटिनिन बघून, हळूहळू वाढवत. पहिले पंधरा दिवस डोकं जड आणि उठलं की भोवळ. एकदा रात्री लघवीला उठताना तोल गेला आणि दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचलो. त्या दिवसापासून रात्रभर छोटा दिवा असतो आणि बाथरूममध्ये भिंतीला कडी बसवून घेतलीय. वर लावायला लिडोकेनचा, बधिर करणारा मलम. नंतर एक दुसरं मलम दिलं, त्यात मिरचीचा तिखटपणा आहे, कॅप्सेसिन. आपल्या संकेश्वरी मिरचीनं हात पोळतात, तोच पदार्थ. रोज लावत गेलं की कातडीखालची दुखण्याची टोकं दमून गप्प होतात म्हणे. पहिला आठवडा आणखी आग झाली, मग उतरत गेली. फोड ओले असताना मात्र ते लावायचं नसतं, आणि स्वयंपाकघरातली मिरची तर कधीच नाही. हे लिहितोय, कारण हिच्या मावसबहिणीनं ते करून पाहिलं आणि कातडी भाजून घेतली.

पहिल्याच भेटीत डॉक्टरिणीनं स्पष्ट सांगितलं: "शून्यावर आणीन असं म्हणणार नाही. निम्मं झालं तर आपण दोघं खूश व्हायचं." आधी राग आला. आज निम्म्याच्या थोडं खाली आहे, आणि या निम्म्यात किती जगणं मावतं ते मला कळलंय.

पण नुसत्या औषधानं एवढं झालं नसतं. माझी एक चूक सुधारायला वर्ष गेलं. बरं वाटलं त्या दिवशी मी साठलेली सगळी कामं उपसायचो. गेल्या शिवजयंतीला चित्ररथांच्या मिरवणुकीत पहाटेपर्यंत रस्त्यावर उभा राहिलो, गर्दीत खांद्याला खांदा. पुढचे चार दिवस अंथरुणात. हिनं विचारलं, "लई दुखालंय काय हो?" आणि मी भिंतीकडे तोंड केलं. आता दुखण्याकडे बघून थांबत नाही, घड्याळाकडे बघून थांबतो. व्हॅक्सिन डेपोत झाडाखालनं पंधरा मिनिटं चालायचं, दुखत नसलं तरी बाकावर बसायचं, मग पुन्हा पंधरा. चांगल्या दिवशी जास्त नाही, वाईट दिवशी अगदी बंद नाही. पहिले दोन महिने हे फार जड गेलं.

हजेरीपटासारखी एक वही ठेवलीय. वेळ, काय करत होतो, झोप किती, दुखणं कसं. त्यातनं दोन गोष्टी निघाल्या. एक, झोप पाच तासांच्या खाली गेली की दुसरा दिवस हमखास वाईट. दुसरी मी तीन वेळा तपासून पाहिली. संध्याकाळी शेजारची कन्नड शाळेतली मुलगी मराठी वाचायला शिकायला येते. त्या पाऊण तासात माझी वही कोरी असते. नस तीच, आग तीच, पण तिची "ण" आणि "न" मधली चूक ऐकताना मन तिकडं लागतं. डॉक्टरीण म्हणाली, हे मनाचे खेळ नव्हेत. दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जाताना वाटेत दार असतं, आणि लक्ष दुसरीकडं गुंतलं की ते थोडं लोटलं जातं. म्हणून त्या पोरीला मी एकही दिवस सुट्टी देत नाही.

पहाटे तीन वाजता काय काय विचार आले ते इथं लिहीत नाही. आलास की सांगेन. एवढंच की ते विचार मी हिला सांगितले त्या रात्री पहिल्यांदा सलग सहा तास झोपलो.

आता तुझं. तुझ्या पोराला गुडघ्याचं सांग. तो रागावणार नाही, आणि रागावला तरी एक दिवस. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मांडी आवळून पाच मोजायचे, सोडायचं. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, रोज. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. सुरुवातीला थोडं दुखेल, त्यानं गुडघा झिजत नाही. वजन उतरव, चालणं बंद करू नकोस.

आणि नागिणीची लस. 2023 पासून ती आपल्या देशात मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. महाग आहे, दंड दुखतो, एखादा दिवस ताप येतो. साखरेच्या माणसाला नागिणीचा धोका जास्त, म्हणून तुझ्या डॉक्टरांना या महिन्यातच विचार. पैशाची अडचण असेल तर मला सांग, लाजू नकोस. ज्या डेपोत मी रोज चालतो तिथं एके काळी देवीची लस तयार व्हायची. त्या झाडांखालनं जाताना रोज तुझ्या दंडाचा विचार येतो.

मार्गशीर्षात येतोयस ना? गाडीत खालचीच बर्थ घे. येळ्ळूरचा नवा बासमती तोवर आलेला असेल, ही तुझ्यासाठी पिठलं-भात करते म्हणतेय. स्टेशनवर मी येईन. फक्त मिठी मारताना उजव्या बाजूनं ये.

तुझा,
माधव