शिगम्याच्या आधी

वाळपई, सत्तरी
२ डिसेंबर

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

तुझं "बघू रे, सवड काढू" मला आता पाठ झालंय. फोनवर विषय काढला की तू सुमनवहिनींच्या हातात फोन देतोस, नाहीतर गुडघ्याचं पुराण लावतोस. म्हणून पत्र. हे मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येणार नाही, आणि दिलंस तरी वहिनी माझ्याच बाजूच्या आहेत.

इतकी वर्षं आपण हिंडलो ते पावसात. चोर्ला, मोले, नेत्रावळी. जळवा, शेवाळलेले कातळ, आठवडाभर न वाळणारे बूट. आता एकदा मला कोरडं चालायचं आहे. जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क डोक्यात बसलंय. शालनला सांगितलं तर म्हणाली, "उन्हाचं एवढं कौतुक असेल तर एप्रिलात काजूखाली बसा, बोंडं तरी गोळा होतील." तिचं चुकीचं नाही, पण मी हट्टाला पेटलोय.

आधी ते आहे केवढं ते ऐक. ३,१६२ चौरस किलोमीटर. आपला अख्खा गोवा ३,७०२. म्हणजे पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा मुलूख घे, त्यातून एखाददुसरा तालुका वगळ, आणि उरलेल्यात माडाऐवजी सेवण गवत लाव. वाळूच्या टेकड्या मात्र त्याचा एक हिस्साच. बाकी खडकाळ माळ, रेताड सपाटी, सुकलेल्या खाऱ्या तळ्यांचे कडक तळ. सगळीकडे वाळूच्या लाटा आणि उंटांची रांग हे आपल्याला कॅलेंडरवाल्यांनी शिकवलं. खडकाळ माळाची तर आपल्याला सड्यावर सवय आहे.

तारखांचं मी गणित मांडलंय. हरवळ्याच्या रुद्रेश्वराला तू महाशिवरात्रीला येतोसच. मग शिवरात्र ते शिगमो एवढीच फट. त्याआधी माघ पुनवेला जैसलमेरला मरु महोत्सव असतो, तेव्हा हॉटेलवाले आपल्याला उभेही करणार नाहीत. शिगम्यात मी घोडेमोडणीचा नाच सोडून कुठे जाणार नाही, हे तुला माहीत आहे. त्यानंतर काजू, आणि काजूत गेलो तर शालन घरात घेणार नाही. फेब्रुवारीच्या शेवटाला तिथे दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंश, रात्री दहा-अकरा. मार्च सरताना ऊन चटका द्यायला लागतं आणि एप्रिलपासून ते आपल्यासारख्या पन्नाशी उलटलेल्यांचं काम नाही. शिवाय अवसेनंतरचे दिवस असल्याने चंद्र लवकर मावळेल. तारे बघायला आणखी काय हवं?

शिवरात्रीनंतरची पहिली मरुसागर एक्सप्रेस मडगावहून धरायची. ती आठवड्यातून एकदाच आहे, थेट अजमेरला जाते. पुढे जोधपूर आणि जैसलमेर. विमानाचं नाव काढू नकोस. कोकणची हिरवाई खिडकीतून हळूहळू विरळ होताना बघायची आहे मला, आणि तुझ्या पत्त्यांच्या जोडातली हरवलेली चौकट राणी मला सापडली आहे.

आता पाणी. खरं तर पत्र त्यासाठीच आहे.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, वाळपईत त्याहून जास्तच. जैसलमेरला दोनशेच्या घरात. आपण जुलैतल्या एका वाईट दिवसात बघतो तेवढा पाऊस त्यांना वर्षभर पुरवायचा असतो. तेव्हा माझा हिशेब असा: माणशी रोज पाच लिटर, त्यातलं दीड सकाळी चालताना अंगावर, एक संध्याकाळी, बाकी गाडीत. चालायचं सकाळी साडेसात ते दहा आणि चारनंतर. तिथे फेब्रुवारीत सूर्य सव्वासातला उगवतो, तेव्हा पहाटे चारला उठवण्याची माझी खोड तुला सोसावी लागणार नाही. मीठ-साखरेच्या पुड्या मी आणतो. आमसुलंही आणतो, तिथल्या कोरड्या घशाला आपलं आगळ काय करतं ते बघायचंय.

तू हसशील, की हा माणूस पाण्याला एवढा कधीपासून भ्यायला लागला. सांगतो. आजवर सांगितलं नाही.

सुर्ल्याच्या सड्यावर आपण एप्रिलात गेलो होतो, आठवतं? पलीकडच्या अंगाला बारमाही झरा आहे असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. झऱ्याच्या जागी वाळून पापडी झालेलं शेवाळ होतं आणि एक मेलेला खेकडा. तुझ्या पोटऱ्यांत गोळे आले. करवंदीच्या जाळीखाली तू डोळे मिटून पडलास आणि पाणी मागितलंस. मी म्हटलं, संपलं. ते संपलेलं नव्हतं, दिगू. तुझीच ती ॲल्युमिनियमची पोचा पडलेली बाटली माझ्या पिशवीत होती आणि तिच्या तळाशी दोन घोट होते. तुझ्याकडे पाठ करून मी ते प्यालो. कोमट, धातूचा वास येणारं. टोपणाचा आटा फिरवताना कुईं असा आवाज झाला, तेव्हा तू डोळे उघडतोस की काय म्हणून मी श्वास धरला होता. मग गुरं राखणारा तो म्हातारा आला, त्याने करवंटीतून तुला पेज पाजली, आणि उतरताना तू सगळ्यांना सांगत सुटलास की हा माझ्याजवळून हलला नाही म्हणून. लग्नकार्यात अजून सांगतोस. दर वेळी मला पाट सोडून उठावंसं वाटतं.

एवढंच. यावर फोन करू नकोस, भेटलास की काय ते शिव्या दे.

तर बेत. पहिल्या दिवशी आकल. जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्याला सतरा किलोमीटरवर झाडांची दगड झालेली खोडं उघड्यावर पडली आहेत, अठरा कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा तिथे दमट हवेचं घनदाट जंगल होतं. म्हणजे आपण मोल्यात जे बघतो त्याचीच कुळी, पार वाळून दगड झालेली. मला ती हाताने चाचपून बघायची होती, पण त्यांच्याभोवती जाळी आहे म्हणतात. असो.

मग कुलधरा, पालीवालांचं ओस पडलेलं गाव. लोक तिथे भुतं बघायला जातात. आपण बांध बघायचे. पालीवाल ब्राह्मणांनी त्या मुलखात 'खडीन' बांधली. उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी सखल भागात मातीच्या बांधाने अडवायचं, ते मुरू द्यायचं आणि मग त्या ओलीवर थंडीत गहू-हरभरा काढायचा. पंधराव्या शतकापासूनची पद्धत. हे वाचताना मला तुझं आजोळ आठवलं, दिवाडीचं खाजन. तुझा मामा मानशीची दारं भरती-ओहोटीला उघडायचा-लावायचा आणि आपल्याला जवळ फिरकू द्यायचा नाही. आपला बांध खारं पाणी बाहेर ठेवायला, त्यांचा गोडं पाणी आत ठेवायला. शब्दही बघ कसे, खाजन आणि खडीन. नात्यातले आहेत की नुसते आवाजाचे शेजारी, ते तू शोध, संस्कृतात तू पहिला यायचास.

तिसरा-चौथा दिवस खुरीच्या बाजूला. समच्या टेकड्या नकोत. तिथे वाळूवर जीप उड्या मारतात आणि रात्री डीजे. ती करमणूक आपल्याला कळंगुटला बस बदलून मिळते. खुरीहून सकाळी टेकड्यांत चालायचं, वाटाड्या घेऊनच. वाळूत किलोमीटरचा हिशेब दुपटीने धर. टेकडीच्या धारेवरून चाललं की पाय कमी रुततात, तुझ्या गुडघ्यालाही उतारापेक्षा धारच बरी. रोहिडा तेव्हा फुलावर असेल, पिवळा-केशरी. त्याच्या लाकडाला मारवाडचा साग म्हणतात. आणि खेजडी. ही खेजडी म्हणजे आपली शमी रे! गणपतीच्या पत्रीला ज्या चार काटक्यांसाठी आपण गाव पालथा घालतो, तिची तिथे झाडंच्या झाडं आहेत. शेंगांची, सांगरीची भाजी करतात. १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडलीला याच झाडांना तोडीपासून वाचवायला मिठी मारून अमृतादेवीसह बिष्णोई समाजाची ३६३ माणसं मेली. पुढल्या चतुर्थीला शमी खुडताना माझा हात थोडा थबकणार आहे.

शेवटचा दिवस सुदासरी. तिथे मनाला येईल तसं भटकता येत नाही, वनखात्याचा परवाना लागतो आणि ठरल्या वाटेनेच जायचं. सीमा जवळ असल्याने काही गावांपलीकडे वेगळी परवानगी, तिकडे आपण जाणारच नाही. सुदासरी कशासाठी ते तुला कळलंच असेल. माळढोक. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी जाऊन आपण दोन दिवस काळवीट मोजत बसलो होतो, ती उधारी बाकी आहे. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. साऱ्या जगात मोकळ्या माळावर दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. पंधरा किलोपर्यंतचा पक्षी, मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. डोळे बाजूला असल्याने समोरचं नीट दिसत नाही, आणि समोर आता विजेच्या तारा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्या जमिनीखाली घालायला सांगितल्या, २०२४ मध्ये तो आदेश सैल करून समिती नेमली. सौरऊर्जाही हवी आणि पक्षीही हवा, हे भांडण खाणींच्या गोव्यातल्या माणसाला वेगळं समजावायला नको. दिसेल की नाही, याची पैज मी लावणार नाही. दुर्बीण तुझी आण, माझ्या भिंगात बुरशी वाढली आहे.

सामान कमी. जळवांसाठी शिवून घेतलेले ते जाड कापडी मोजे मात्र विसरू नकोस. तिथे भुरट नावाचं गवत आहे, त्याची कुसळं मोज्यात शिरली की बोटांनी एकेक उपटत बसावं लागतं. आपले मोजे त्याला भारी पडतील असा माझा अंदाज. रात्री बॅटरीशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही. फुरसं तिथेही आहे, आणि आपल्या कातळावरच्या फुरशाइतकंच तापट.

परतीचं तिकीट तू काढ. तू पुण्याला जाणार, मी पुढे, तेव्हा मुंबईपर्यंत एकत्र. जाण्याचं मी बघतो, पण आरक्षण उघडण्याआधी मला तुझा हो हवा. वहिनींना विचारून कळव, म्हणजे वहिनींनाच कळवायला सांग.

आईला नमस्कार. इथे काजूला मोहोर बरा दिसतोय, धुकं पडलं नाही तर.

तुझा,
अनंत

ता. क. तुझी ती बाटली अजून माझ्याकडेच आहे. चिंच लावून घासली, पोचा निघत नाही. घेऊन येतो. या वेळी ती तुझ्या पिशवीत.