सी ड्राइव्ह वाचवणाऱ्या दादांना जाहीर आभारपत्र

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ताईंचं लग्न व्यवस्थित पार पडलं असेल. पत्रिकांचा गठ्ठा घेऊन गेलात त्या गडबडीत तुमच्याशी नीट बोलताही आलं नाही, म्हणून हे पत्र. खरं तर फोनवर ‘थँक्यू’ म्हणून मोकळी झाले असते. पण आमच्या डीटीपीच्या (संगणकावर पत्रिका-अंक जुळवण्याच्या) धंद्यात निम्म्या मशीनवर सी ड्राइव्ह भरून त्याची पट्टी लाल झालेली आहे आणि ज्याला विचारावं तो एकच औषध सांगतो: फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. तुम्ही काय केलंत ते इतरांनाही कळावं, म्हणून जाहीरच लिहितेय.

आमच्यासाठी फॉरमॅट म्हणजे काय, हे दुरुस्तीवाल्यांना पटत नाही. ‘डेटा काढून देतो की,’ म्हणतात. डेटा निघतो हो, पण डेटा म्हणजे दुकान नव्हे. वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट, मराठी टायपिंगच्या श्रीलिपीचं जुनं इन्स्टॉलेशन आणि त्याचं डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली), हाताला बसलेला कीबोर्ड लेआउट, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली रंगांची सेटिंग, जुन्या लेझर प्रिंटरचा तो एकच चालणारा ड्रायव्हर. हे सगळं परत जुळवायला भर लग्नसराईत वेळ कुठून आणायचा? आणि फॉन्टची एखादी आवृत्ती इकडची तिकडे झाली, की जुन्या फाइलमधला ‘श्री’ चौकोन होऊन समोर येतो. गणपतीच्या चित्राखाली चौकोन छापून द्यायचे का?

तुम्ही प्रूफ बघायला आलात तेव्हा कोरल फाइल सेव्ह करायलाच तयार नव्हतं. सी वर जागा नाही, आणि त्याला आपल्या तात्पुरत्या फाइली तिथेच हव्यात. शेजारी ४०० जीबीचा डी अर्ध्याहून जास्त मोकळा. दुकानातून मशीन आणलं तेव्हाच १ टीबीच्या डिस्कचे (विंडोज तिला ९३१ म्हणतं, कारण कंपनी दहाच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या) तीन तुकडे (पार्टिशन) पाडून दिले होते: सी १००, डी ४००, बाकी ई. शंभर जीबी सी ला कधीकाळी पुरत असतील. आता एकटं विंडोज आणि त्याचे अपडेट मिळूनच त्यातला मोठा वाटा खातात.

‘डी ची जागा सी ला द्या,’ मी म्हणाले. तुम्ही विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडून सी वर राइट क्लिक केलंत. ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करड्या रंगात, दाबताच येईना. याच पायरीवर सगळे थांबतात आणि फॉरमॅटवाल्याला फोन करतात. तुम्ही मात्र माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर दिवाळी अंकाचं पान उघडं होतं त्याकडे बोट दाखवलंत. म्हणालात, ‘ताई, डावा कॉलम रुंद करायचा तर उजव्या कॉलमची कुठली कड सरकवाल? डावीच ना? विंडोजला फक्त उजवी कड आत घेता येते. म्हणून डी कमी केला तरी सुटलेली जागा डी च्या पलीकडे पडते, सी च्या कडेला नाही. आणि तुमच्या पानात मजकूर आपोआप वाहतो. इथे तो अख्खा उचलून पलीकडे ठेवावा लागतो.’ इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपलं काहीतरी चुकतंय असंच वाटायचं.

वर आणखी एक भानगड तुम्हीच दाखवलीत. सी आणि डी च्या मध्ये साधारण ५०० एमबीची एक चिंचोळी पट्टी, रिकव्हरी पार्टिशन. विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची साधनं तिच्यात असतात. ती मध्ये बसली की जागा मोकळी होऊनही सी ला चिकटत नाही. मग तुम्ही विचारलंत, ‘एखादा अपडेट सारखा फेल होतोय का?’ होत होता! जानेवारी २०२४ मध्ये आलेला केबी ५०३४४४१ या नंबरचा अपडेट. रोज डाउनलोड व्हायचा आणि रोज ८००७०६४३ हा आकडा दाखवून रडायचा. मी तिकडे बघणंच सोडून दिलं होतं. तो अपडेट याच पट्टीत बसवायचा होता, पट्टी पुरत नव्हती, आणि मायक्रोसॉफ्टने ती २५० एमबीने वाढवायच्या सूचना दिल्या होत्या, हातांनी, कमांड लिहून. सामान्य माणसाने डिस्कपार्टसारखं कमांडवरचं साधन चालवायचं म्हणजे कमालच आहे. तुम्ही म्हणालात, सरकवायचीच आहे तर मोठीही करून टाकू.

यानंतर कुणीही सॉफ्टवेअर उघडलं असतं. तुम्ही उघडलं नाहीत. खरे आभार मला याचेच मानायचे आहेत.

आधी डिस्कची तब्येत पाहिलीत. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये खराब होऊन बदललेल्या सेक्टरची (डिस्कवरच्या लहान कप्प्यांची) नोंद शून्य आहे ना, ते बघितलंत. ‘इथे आकडा वाढत असता तर मी हातच लावला नसता, आधी नवी डिस्क घ्यायला लावली असती,’ म्हणालात. मग डी आणि ई बाहेरच्या डिस्कवर उतरवले, सी ची पूर्ण इमेज (जशीच्या तशी प्रत) घेतली. कॉपी संपल्यावर मी हुश्श केलं, तर तुम्ही मलाच कामाला लावलंत: ‘या कॉपीतून कुठल्याही जुन्या पाच पत्रिका उघडून दाखवा.’ उघडल्या. तेव्हा कुठे ‘बॅकअप झाला’ हा शब्द तुमच्या तोंडून निघाला. त्याआधी तुम्ही त्याला नुसती कॉपीच म्हणत होतात.

मग चेकडिस्क, म्हणजे विंडोजची स्वतःची डिस्क-तपासणी. मग हायबरनेशन बंद, कारण विंडोज अर्धवट झोपेत असताना बाहेरच्या सॉफ्टवेअरने त्याच्या ड्राइव्हला हात लावणं बरोबर नाही. ते बंद करताच तीन जीबीच्या आसपास जागा आपोआप सुटली, ती वेगळीच. बिटलॉकर (ड्राइव्हला लागणारं विंडोजचं कुलूप) लागलेलं नाही याची खात्री केलीत. रिकव्हरी बंद करायची रीएजंटसीची कमांड दिलीत. आणि एका वाया गेलेल्या पत्रिकेच्या पाठीवर प्रत्येक पार्टिशनचा पहिला आणि शेवटचा सेक्टर लिहून काढलात. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणालात, डिस्कवर फाइली असतातच, पण कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत हे सांगणारा नकाशा अगदी लहान असतो. जुन्या एमबीआर पद्धतीत तर तो पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमधल्या फक्त ६४ बाइटमध्ये मावतो, चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट. तो पुसला तर फाइली जागच्या जागी असून डिस्क रिकामी दिसते. आमची डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची निघाली, तिच्यात नकाशाची दुसरी प्रत शेवटच्या टोकाला असते, हे ऐकून जरा धीर आला. तरीही तुम्ही लिहिलंतच.

लाइटचा प्रश्न तुम्ही सगळ्यात गंभीरपणे घेतलात आणि ते कराडकरांना वेगळं सांगायला नको. सरकवण्याच्या मध्येच वीज गेली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलंत आणि लेझर प्रिंटरची पिन स्वतः काढून ठेवलीत. तो गरम व्हायला लागला की इन्व्हर्टर बसतो, हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे.

त्यानंतर पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड हे पार्टिशन लहान-मोठी करणारं सॉफ्टवेअर सुरू केलंत. विंडोजमध्येच चालणाऱ्या मिनीटूल किंवा ईझयूएससारख्या सॉफ्टवेअरनेही हे होतं, पण चालू विंडोज बाजूला ठेवून बाहेरून काम केलेलं मला आवडतं, म्हणालात. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. डी ची डावी कड माउसने ओढली, रिकव्हरीची पट्टी पुढे सरकवून १ जीबीची केली, सी वाढवला, आणि तरी डिस्कवर काहीच झालं नव्हतं! खाली नुसती कामांची यादी तयार झाली होती. हिरवी खूण दाबेपर्यंत सगळं कागदावरच. यादी तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलीत, प्रूफ वाचतो तशी, आकड्यासकट. मग म्हणालात, ‘खूण तुम्हीच दाबा, मशीन तुमचं आहे.’ माझा हात थरथरत होता.

डी चा ३०० जीबीचा पट्टा त्याच डिस्कवर सरकायचा, म्हणजे तीच सुई वाचणार आणि तीच लिहिणार. संध्याकाळ त्यातच गेली. तुम्ही बसून होतात. चहा दोनदा झाला, आमच्या सासूबाईंनी तुमच्या लग्नाची चौकशीही करून घेतली. बार हलेना तेव्हा मी दोन-तीनदा विचारलं, अडकलं का? तुम्ही फक्त म्हणायचात, ‘दिवा लुकलुकतोय ना? मग चालू आहे.’

विंडोज उघडताना स्वतःहून डिस्क तपासायला लागलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की हे होणार, कुठलंही बटण दाबायचं नाही, आणि एकदा उघडल्यावर पुन्हा एकदा रीस्टार्ट करायचं. सी १९९ जीबी. डी चं अक्षर तेच राहिल्यामुळे पत्रिकांना जोडलेले फोटो एकाही फाइलमधून तुटले नाहीत. रिकव्हरी परत चालू केली, आणि तो रडका अपडेट त्या रात्री मुकाट्याने बसला.

पैसे घेतले नाहीत, उलट पत्रिकांचं पूर्ण बिल भरून गेलात. वर म्हणालात, ‘आभार जीपार्टेडवाल्यांचे माना.’ नावं लिहून घेतली आहेत, म्हणून मानते. २००४ साली ते सुरू करणारे बार्ट हाकफूर्ट, पुढे ते सांभाळणारे कर्टिस गेडॅक, विंडोजची फाइल व्यवस्था लिनक्समधून लहान-मोठी करण्याचं एनटीएफएसरीसाइझ लिहिणारे साबोल्च साकाचिच, आणि हरवलेला नकाशा शोधून देणाऱ्या टेस्टडिस्कचे फ्रान्समधले क्रिस्तोफ ग्रनिए. ते शेवटचं वापरायची वेळ आली नाही, पण त्याच पेन ड्राइव्हवर ते हाताशी होतं. कराडच्या एका गल्लीतली पत्रिका वेळेवर छापून निघाली याचा यांना कधी पत्ताही लागणार नाही.

परवा शेजारचा झेरॉक्सवाला आला, ‘ताई, माझंही सी तेवढं वाढवून द्या.’ त्याच्या डिस्कमध्ये खराब सेक्टरचा आकडा पिवळा दिसला. मी हात लावला नाही. आधी फाइली बाहेर काढ म्हटलं, तर नाराज होऊन गेला. जाऊ दे.

आता एक काम आहे. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आमचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्या यादीत बसत नाही. मशीन बदलेपर्यंत निदान वेग तरी यावा म्हणून ५०० जीबीची एसएसडी घ्यायचं मनात आहे. ९३१ ची डिस्क ४६५ मध्ये उतरवायची तर डी आणि ई मीच आधी आकसून घ्यायचे, की क्लोन करणारं (डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं) सॉफ्टवेअर ते स्वतः जमवतं, एवढं फोनवर सांगा. बॅकअप घेतलाय, आणि हो, त्यातल्या पत्रिका उघडूनही पाहिल्या आहेत.

घरी सगळ्यांना नमस्कार. सासूबाईंनी स्थळ पाहून ठेवलंय, त्यासाठी वेगळा फोन येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
डीटीपीवाली ताई, कराड