पालापाचोळा म्हणजे कचरा नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की आमच्या वसाहतीमागच्या टेकडीवर दरवर्षी कोयते आणि गवत कापण्याची यंत्रे चढतात. यंदाही दिवाळीपूर्वी तेथील गवत, झुडपे आणि वठलेली झाडे काढून टेकडी 'साफ' केली जाणार असल्याचे समजले. गेली अकरा वर्षे रोज पहाटे त्या टेकडीवर फिरायला आणि फिरता फिरता पक्षी पाहायला जाणारा इंदूरकर या नात्याने, ही सफाई कशाची होते, हे संबंधितांच्या नजरेस आणून देण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिला क्रमांक मिळवणाऱ्या शहराचा मला इतरांइतकाच अभिमान आहे. मात्र ओला आणि सुका कचरा घरोघरी वेगळा करायला शिकलेल्या आपल्याला झाडाखालचा पालापाचोळा कचऱ्यातून वेगळा काढणे अजून जमलेले नाही. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या वळवाच्या आगेमागे, आमच्या टेकडीच्या उत्तर उतारावर नवरंग येतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून विणीसाठी माळव्याकडे येणारा हा आखूड शेपटीचा पक्षी फांदीवर बसून दोन सुरांची शीळ घालतो खरा, पण त्याचे पोट भरते ते जमिनीवर, चोचीने पाने उलटून त्यांखालचे किडे-अळ्या टिपण्यात. (त्याचे नऊ रंग मोजण्याचा आमच्या मंडळींचा प्रयत्न अद्याप सातापुढे गेलेला नाही.) दोन वर्षांपूर्वी त्या उतारावरचा सगळा पाला झाडून, ढीग करून पेटवण्यात आला. त्या ज्येष्ठात शीळ ऐकू आली ती नाल्यापलीकडच्या खासगी आमराईतून; आमच्या उतारावर नवरंग उतरलाच नाही.

झुडपांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येणारा चातक आपल्या सर्वांच्या परिचयाचा, निदान कवितेतून तरी. परंतु तो स्वतः घरटे बांधत नाही; बहुधा सातभाईंच्या घरट्यात अंडे घालून मोकळा होतो. सातभाई नसतील तर चातकाची वीण नाही, आणि बोरी-बाभळीची दाट जाळी नसेल तर सातभाईंना आडोसा नाही. गेल्या श्रावणात, स्वातंत्र्यदिनाच्या ध्वजवंदनापूर्वी वाटेच्या दोन्ही बाजू मोकळ्या करण्याचे फर्मान निघाले, तेव्हा तोडलेल्या बोरीच्या फांद्यांखाली मला काड्या-मुळ्यांचे एक वाटीसारखे घरटे सापडले. त्यात तकतकीत निळी चार अंडी होती आणि त्यांपैकी एक फुटले होते. चातकाचे अंडेही निळेच असल्याने त्या चारांत पाहुण्याचे एखादे होते की काय, हे मला ओळखता आले नाही. फांद्या उचलणाऱ्या माणसाने घरटे हलकेच शेजारच्या झुडपात ठेवले, परंतु सातभाई त्याकडे परतल्याचे आम्हाला दिसले नाही. दोष त्याचा नव्हताच. ऐन विणीच्या दिवसांत कोयता चालवायला सांगणाऱ्याचा होता.

आता दसरा झाला आहे. दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ मानण्याची माळव्याची रीत आपल्या मराठी घरांतही रुजलेली आहे, आणि त्या दिवशी पिंजऱ्यातला नीलकंठ दाखवून दक्षिणा मागणारेही भेटतात. आम्हाला मात्र तो टेकडीवरच्या वठलेल्या सालईच्या शेंड्यावर आयता दिसतो. तेथून तो खालचे टोळ हेरतो आणि उन्हाळ्यात अशाच झाडांच्या ढोलीत घर करतो. कापायच्या झाडांवर चुन्याच्या खुणा झाल्या आहेत आणि त्यांत ही सालईही आहे. शिवाय धोबी आणि गप्पीदास हे थंडीचे पाहुणे पक्षी येऊन दाखल झाले आहेत. गप्पीदासाला बसायला उंच गवताची काडी लागते, तर मुनियांची शेवटची पिल्ले अजून घरट्यांत आहेत.

सिरपूर आणि यशवंतसागर या तलावांना 2022 मध्ये रामसर स्थळांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा, दर्जा मिळाला आणि जानेवारी 2025 मध्ये उदयपूरबरोबर इंदूरही पाणथळ शहर म्हणून मान्यता पावले. म्हणजे पाणपक्ष्यांना काय लागते, याची जाण आपल्याकडे आली आहे. तिचा थोडासा अंश कोरड्या टेकड्यांच्या वाट्याला यावा, एवढीच अपेक्षा आहे.

वाढलेल्या गवतात साप असतात आणि चैत्रात ते पेट घेते, हे आक्षेप मला मान्य आहेत. त्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट गवत जरूर कापावे आणि वसाहतीच्या कुंपणालगत रुंद जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढावी. वाटेवर कोसळण्याचा धोका नसलेली वठलेली झाडे उभी राहू द्यावीत, पाला पेटवू नये आणि झुडपांची छाटणी आषाढ-श्रावणात मुळीच करू नये. यंदाचे काम दिवाळीऐवजी मार्गशीर्षात घेतल्यास मुनियांची पिल्ले उडती झालेली असतील आणि उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा पूर्ण करण्यास तीन महिने हाताशी राहतील. सालईवरची चुन्याची खूण मात्र त्याआधीच पुसली जावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, इंदूर